कसोटीचा गोळा

उस्तादचा हात इतका स्थिर होता, की एकदा म्हणे सोल्डरिंग करताना त्याच्या करंगळीवर एक माशी येऊन बसली, तिला वाटलं हा दगड आहे, आणि ती तिथेच झोपी गेली. काम संपलं तरी उस्तादने हात हलवला नाही. बिचारीची झोपमोड नको, म्हणून डाव्या हाताने जेवला. खोटं वाटतं? हॉलमधल्या कुणालाही विचारा. कुणी सांगेल दोन माशा होत्या, कुणी सांगेल त्यातली एक घोरत होती.

हॉल म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचा हॉल. एका भिंतीला पडद्यावरचे खेळ, गाड्या पळवायचे नि राक्षस मारायचे. समोरच्या भिंतीला पिनबॉलची रांग. पिनबॉल म्हणजे चार पायांवर उभी केलेली उतरती पेटी. वर काच, आत दिवे, घंटा, रबराची कडी, आणि या सगळ्या गर्दीतून सैरावैरा धावणारा एक लोखंडी गोळा. खालच्या टोकाला दोन पाती. बाजूची बटणं दाबली की ती टपाटप उडतात आणि गोळ्याला परत वर हाकलतात. गोळा पात्यांच्या मधून निसटला की डाव गेला. एवढाच खेळ, पण माणसं त्यापायी जेवण विसरतात.

मालकाच्या डोक्यावर केस होते तेव्हापासून ही यंत्रं उस्ताद सांभाळत होता, आणि त्याच्याबरोबर त्याची लेक. तिला सगळे ‘पक्कड’ म्हणायचे. जन्मल्या जन्मल्या तिने बापाची मिशी मुठीत धरली, ती म्हणे दात येईपर्यंत सोडली नाही. आता ती तिशी ओलांडलेली, बापाइतकीच कामाची बाई होती. जळलेल्या कॉइल बदलायच्या, काळवंडलेले स्विच बारीक कानशीने घासायचे, नाण्याच्या फटीत अडकलेले वॉशर, च्युइंगगम, एकदा तर कुणाचा तरी दात, हे सगळं काढायचं. बाप तिला कौतुकाने काही म्हणायचा नाही. काम बघायचा, हुं करायचा, पुढच्या यंत्राकडे जायचा. त्या ‘हुं’वर तिचा आठवडा जायचा.

उस्तादचे दोन नेम होते. पहिला, स्क्रू आवळला की त्याची खाच सरळ उभी राहिली पाहिजे. आडवी नाही, तिरपी नाही. “कपाळावर गंध लावतात ना, तशी,” तो म्हणायचा, “म्हणजे नंतर उघडणाऱ्याला कळतं की इथे माणूस येऊन गेला, माकड नाही.” दुसरा नेम कसोटीच्या गोळ्याचा. दुरुस्त केलेलं यंत्र गिऱ्हाइकाला देण्याआधी त्याच्यावर पहिला गोळा उस्तादने खेळायचा, मालकाच्या देखत, दोन्ही हात यंत्राच्या खांद्यावर ठेवून. हात ठेवले की त्याला म्हणे आतलं सर्दी-पडसंसुद्धा कळायचं.

आता एक छोटी गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. पिनबॉलला खेळणारे धक्के देतात. गोळा निसटायला लागला की पेटी हलवून त्याला वळवायला बघतात. थोडं चालतं. फार चालू नये म्हणून यंत्राच्या पोटात एक ओळंबा असतो. गवंड्याकडे असतो तसाच, टोक खाली केलेला, फक्त बोटभर. तो एका लोखंडी कड्याच्या मधोमध लोंबकळतो. पेटी जास्त हलली की ओळंबा कड्याला टेकतो, आणि यंत्र तिथल्या तिथे रुसतं. दिवे विझतात, पाती मरतात, गोळा गुपचूप खाली. ओळंबा वर सरकवला की कड्यापासूनची फट वाढते आणि यंत्र सोशिक होतं. खाली आणला की ते हळवं होतं. एक स्क्रू, बस.

गेल्या काही महिन्यांत पिनबॉलची यंत्रं फार सोशिक झाली होती.

पक्कडला ते दिसलं नाही असं नाही. गिऱ्हाइकं वाढली होती, मालक शीळ घालत फिरत होता. “उस्ताद, काय जादू केलीत? पोरं पाठ सोडत नाहीत यंत्राची!” उस्ताद नुसता हसायचा आणि हात खिशात घालायचा. हल्ली त्याचे हात बहुतेक खिशातच असायचे. सोल्डरिंग तो तिच्याकडे सरकवायचा. “माझा चष्मा घरी राहिलाय, तू कर.” चष्मा त्याच्या नाकावर असायचा.

आणि मग ती दुपार आली.

रेड्यासारखे दोन गडी कोपऱ्यातल्या यंत्रावर खेळत होते. खेळत कसले, त्याच्याशी कुस्ती करत होते. एक पेटी उचलायचा, दुसरा आपटायचा. हॉल झाडणारी मावशी तेवढ्यात तिथे वाकली. कुणाचं तरी सरबत सांडलं होतं आणि तिला चिकट फरशी बघवायची नाही. “अरे मेल्यांनो, जरा दम धरा, मला पुसू द्या,” ती म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. आणखी एक धक्का, आणि पुढच्या पायाचा बोल्ट तुटला. पेटीचा कोपरा मावशीच्या उजव्या हातावर बसला. वरचे दिवे तसेच नाचत होते. घंटा वाजत होती. मावशी ओरडत होती आणि यंत्र गुण मोजत होतं.

मधली दोन बोटं गेली. पक्कड दवाखान्यात बसून राहिली. शुद्धीवर आल्यावर मावशी बँडेजकडे बघून म्हणाली, “बरं झालं. आता सुनेला कळेल भांडी कशी घासतात.” पक्कड हसली. मग मावशीने तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी मालकाने हॉल बंद ठेवला. “इतका धिंगाणा झाला तरी यंत्र थांबलं कसं नाही?” तो पक्कडला म्हणाला. “दोन धक्क्यांत विझायला पाहिजे होतं. शेवटचा हात तुझा होता ना त्याच्यावर?”

होता. तिने त्याचे दिवे बदलले होते. ओळंब्याला हातही लावला नव्हता. आजवर कधी लावावा लागला नव्हता, ते बाबांचं काम.

मालक गेल्यावर तिने यंत्राचं पुढचं दार उघडलं आणि टॉर्च आत धरला. ओळंबा पार वर, दांडीच्या मुळाशी नेऊन आवळलेला. पेटी पालथी घातली असती तरी कड्याला टेकला नसता. तिने स्क्रूवर उजेड पाडला. खाच तिरपी होती. खाच तरी कुठे उरली होती! स्क्रूचं डोकं सोललेलं, आणि बाजूच्या पत्र्यावर ओरखडेच ओरखडे. पुन्हा पुन्हा सटकलेल्या स्क्रूड्रायव्हरचे, मांजराने दार खरवडावं तसे.

तिने शेजारचं यंत्र उघडलं. मग त्याच्या शेजारचं. सगळ्यांच्या पोटात तेच. वर नेलेला ओळंबा, सोललेलं डोकं, ओरखडे. जुने कमी, नवे जास्त. माकड येऊन गेलं होतं, आणि ते माकड कोण ते तिला कळलं. ती फरशीवर तशीच बसून राहिली.

घरी आली तेव्हा आई चहा गाळत होती. तिने नवऱ्याचा कप अर्धाच भरला. पक्कडने आजवर ते कितीदा पाहिलं होतं! तिला वाटायचं बाबांनी चहा कमी केलाय.

“कधीपासून, आई?”

आईने गाळणीकडेच बघत सांगितलं, “मला विचारू नकोस. मला शपथ घातलीय.” मग थोड्या वेळाने, “सदऱ्याची बटणं मीच लावते.”

उस्ताद आतल्या खोलीत पलंगावर बसला होता. हात मांडीखाली दाबून. माशीचं सोडा, त्या हातावर आता धूळसुद्धा बसली नसती.

“बाबा, ओळंबे तुम्ही वर नेलेत.”

“थंडी आहे फार,” तो म्हणाला.

“बाबा.”

“काय बाबा, बाबा!” तो चिडला, आणि मग एकदम मऊ झाला. “अगं, हात ठेवला की यंत्र मरायचं. बारीक थरथर असते, पण थांबत नाही ना. ओळंबा झोका घ्यायला लागतो, थोडा, मग अजून थोडा, की टेकलाच. मालकासमोर, कसोटीच्या गोळ्याला! आधी एकाचाच वर केला. जरासाच. मग थरथर वाढली, मग परत वर केला...”

“मावशीची बोटं गेली.”

“माहितीये मला.” तो मांडीकडे बघत म्हणाला, “पक्कड, एक ऐकशील? हे तू तुझ्यावर घे. तू तरुण आहेस, तुला माफ करतील. शिकताना चूक झाली म्हण. मला कोण काय म्हणेल? घरी बस म्हणतील. घरी बसून मी काय करू? तुझ्या आईच्या डब्यांची झाकणं आवळू?”

दारातून आई म्हणाली, “ती तरी कुठे आवळता येतात आता!” आणि तोंडावर पदर धरून आत गेली. ती हसत होती की रडत होती, ते त्या घरात कुणी विचारलं नाही.

पक्कड म्हणाली, “उद्या तुम्ही स्वतः सांगा. मी बरोबर उभी राहीन. पण सांगा.”

“सांगतो,” उस्ताद म्हणाला.

सकाळी हॉलमध्ये मालक रांगेसमोर खुर्ची टाकून बसला होता. मावशीचा झाडू भिंतीला टेकलेला होता, चिकट फरशी तशीच होती. मालकाने सरळ विचारलं, “उस्ताद, तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं?”

पक्कडने बापाकडे बघितलं. बापाने झाडूकडे बघितलं.

“पोरीच्या हातून राहिलं असेल,” उस्ताद म्हणाला.

अहो, हॉलमधली सगळी यंत्रं बंद होती, पण पक्कडच्या कानात सगळ्या घंटा एकदम वाजल्या. मालक मान हलवत म्हणाला, “मग पोरी, तू नको हात लावूस यांना. उस्ताद, तुम्हीच लावा सगळे ओळंबे परत, आणि उद्यापासून उघडू.”

ती जर तेव्हा गप्प बसली असती तर काय झालं असतं ते सगळ्यांना समजतंय. ओळंबे वरच राहिले असते. पुढच्या मावशीची पुढची बोटं.

“आज मी लावते,” ती म्हणाली. “शेवटचं. चूक माझी म्हणताय, तर निस्तरू द्या. आणि कसोटीचा गोळा बाबा खेळतील. नेम त्यांचाच आहे.”

“हे बरोबर बोललीस,” मालक म्हणाला.

उस्तादला कळलं होतं. चष्म्याआडून तो लेकीकडे तसाच बघत राहिला, जसा ती मिशी सोडत नव्हती तेव्हा बघत राहिला असेल.

तिने एकेक यंत्र उघडलं. सोललेले स्क्रू काढून नवे घातले. ओळंबा खाली आणला, फार हळवा नाही, फार सोशिक नाही, अगदी त्याने शिकवला होता तसा. एखाद्या ठिकाणी केसभर वर ठेवायचा मोह तिला झाला. एकदा तर स्क्रू सैल करून ती थांबलीसुद्धा. आतल्या अंधारात तो ओळंबा तिच्या श्वासाने हलत होता. मग तिने आवळला.

“चला, बाबा.”

उस्ताद कोपऱ्यातल्या यंत्रापाशी गेला. पायाला नवा बोल्ट होता. त्याने खिशातून हात काढले. मालकाने ते आजवर कधी निरखून बघितलेच नसावेत, आणि अजूनही त्याच्या डोक्यात उजेड पडला नव्हता. उस्तादने गोळा सोडला आणि दोन्ही हात यंत्राच्या खांद्यावर ठेवले.

दिवे लागले. घंटा वाजली. गोळा वर गेला, कड्यांवर आपटला, खाली यायला लागला. पाती उडायच्या आधीच सगळं विझलं. गोळा अंधारात घरंगळत गेला.

मालक हसला. “उस्ताद, मस्करी करताय? धक्का कशाला दिलात?”

“धक्का नाही दिला,” उस्ताद म्हणाला.

मालकाचं हसू जागच्या जागी वाळलं. तो खुर्चीवरून उठला, त्याने उस्तादच्या हातांकडे बघितलं, मग पक्कडकडे, आणि परत हातांकडे. “असू दे, उस्ताद,” तो हळूच म्हणाला. “राहू दे. बसा तुम्ही.”

पण उस्ताद बसला नाही. तो शेजारच्या यंत्राकडे गेला. हात ठेवले. दिवे लागले, विझले. त्याच्या पुढचं. लागले, विझले. मालक पक्कडला म्हणाला, “थांबव ना गं त्यांना.” तिने थांबवलं नाही. ती लहानपणी चालायची तशी त्याच्या एक पाऊल मागे चालत राहिली. तो रांगेच्या शेवटापर्यंत गेला, एकेका यंत्राच्या खांद्याला धरून, आणि एकही यंत्र त्याच्याशी खोटं बोललं नाही.

शेवटचं विझल्यावर तो तिथेच उभा राहिला. हात पेटीवरच होते आणि वरची काच बारीक किणकिणत होती.

“स्क्रू नवे घातलेस?”

“हो.”

“खाच?”

“उभी आहे, बाबा.”

“हुं,” उस्ताद म्हणाला, आणि हात परत खिशात घालायला गेला. खिसा काही लवकर सापडेना. पक्कडने खिशाची कड धरून ठेवली, तेव्हा गेले आत.