उबदार कॅन

मशीनच्या वरून वितळलेल्या प्लॅस्टिकची नळी लोंबत यायची. साच्याची दोन पाखं तिला कवेत घ्यायची, तिच्या पोटात हवा फुंकायची आणि साचा उघडला की तेलाचा गोरापान कॅन बाहेर. अंगाला ऊब अशी, की जणू आत्ताच जन्मलेलं वासरू. कात्रजच्या पुढच्या त्या कारखान्यात शालन या कॅनच्या जास्तीच्या कडा कापायची.

पौषाची थंडी पडली. शेजारी बसणाऱ्या चंद्रभागामावशीचे गुडघे सकाळपाळीला असे धरायचे, की बाईला उठवेना. शालनला कणव आली. तिने एक ऊन ऊन कॅन मावशीच्या गुडघ्याखाली सरकवला.

"अगं, बाळंतपणातसुद्धा मला कुणी असं शेकलं नाही गं!" मावशी हसली.

मग ते रोजचंच झालं. एक निवला की दुसरा. निवलेला हळूच ढिगात. ऊन प्लॅस्टिक भार सोसत नाही, हे शालनला का ठाऊक नव्हतं? पण कॅन दिसायचा धड. तोंड जरासं लांबट झालेलं कोण बघतंय?

तेलवाल्याने बघितलं. झाकणं बसेनात, तेल पाझरलं, टेम्पोभर माल परत आला. सुपरवायझर अभय सर मशीन चालवणाऱ्या समाधानसमोर जाऊन उभे राहिले.

"वा समाधानराव! कॅन थंड व्हायची वाट बघायला आपल्याला सवड नसेल. लगेच साचा उघडायचा!"

"आईशप्पथ सर, मी लवकर नाही उघडला."

"मग कॅनांनी आपसांत ठरवून तोंडं वाकडी केली असतील. शनिवारनंतर दुसरीकडे बघा."

शालनच्या हातातली सुरी थबकली. बोलावं तर मावशीची भाकर जाते, न बोलावं तर याची. बायकोला आणि तान्ह्या लेकीला समाधानने नुकतंच यवतमाळहून आणलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तो तिच्यापाशी येऊन बसला. "शालनताई, सगळे कॅन तुमच्याच हातून जातात. तुम्हाला कधी वाकडे दिसले का हो?"

"नाही," ती म्हणाली.

एवढासा शब्द, पण घशात कुसळासारखा रुतून बसला. पाणी प्यायलं तरी उतरेना, रात्री घरी आपल्या लेकराला थोपटताना उतरेना.

शनिवारी ती अभय सरांपुढे उभी राहिली. "सर, ऊन कॅन मी गुडघ्याखाली घेत होते. थंडी सोसत नाही मला. समाधानदादांचा काही दोष नाही."

"बाई, हा कारखाना आहे, शेकोटी नव्हे. सोमवारपासून येऊ नका. समाधान राहील."

मावशी उठू लागली. "शालन, अगं मी सांगते त्यांना..."

शालनने तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

फाटकापाशी समाधान आला. चेहरा ओढलेला.

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"हो."

"मला वाटलं, माझाच हात चुकला. बायकोलाही तसंच सांगितलं. ती सामान बांधून बसलीय, ताई."

"चुकलं माझं, दादा."

असू द्या, एवढं तरी तो म्हणेल, म्हणून ती घुटमळली. आत भोंगा झाला, तसा तो मशीनकडे वळला. शालनने पदर डोक्यावर ओढला आणि ती रस्त्याला लागली.