सावळीच्या हातचा चाकू

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि सावळी सापगावहून मुरबाडच्या एसटीत बसलो, आणि मुरबाडहून रिक्षाने म्हसा गावी देवजी लोहाराकडे गेलो. सावळीसाठी घडीचा चाकू करून घ्यायचा होता. माझ्या पिशवीत त्याचा आराखडा होता, मापं मिलिमीटरमध्ये. सावळीने काहीच आणलं नव्हतं. तिचा जुना चाकू तेवढा कनवटीला होता आणि उजवा हात पदरात गुंडाळलेला होता.

सापगावजवळच्या एका रोपवाटिकेचं काम मी पाहते. वनस्पतिशास्त्र शिकले, पण कलम बांधायला शिकले ती सावळीकडून, आणि तेही बेताचंच. ती खर्डीच्या वरच्या अंगाच्या पाड्यातली. चौदा वर्षं आंब्याची कलमं बांधते. तिची शंभरातली नव्वद जगायची. गेल्या भातकापणीत पेंढा उचलताना विषारी फुरसं तिच्या उजव्या अंगठ्याला चावलं. जीव वाचला, अंगठा गेला. डिसेंबरात ती परत आली, सगळं काम डाव्या हाताने करायला शिकली आणि साठ कलमं बांधली. त्यातली दोन जगली.

"हातगुण गेला ताई," ती म्हणाली. "इख पुरतं उतरलं नाय. माणसाला कळत नाय, झाडाला कळतं."

मला हे पटण्यासारखं नव्हतं. मी मातीची तपासणी केली. आर्द्रता, बुरशी, जोडायच्या काड्यांचं वय, कलम बांधल्याची वेळ, सगळ्याचा तक्ता केला. बाकीच्या बायकांच्या कलमांत आणि हिच्या कलमांत कुठलाच फरक सापडला नाही. म्हणजे माझ्याकडे तक्ता होता आणि कारण नव्हतं, आणि तिच्याकडे कारण होतं. तिने कलमांच्या शेडमधलं आपला पाट उचलला आणि पिशव्यांत माती भरायला जाऊन बसली.

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. जुना चाकू ती दातांनी उघडायची. एका हाताने उघडेल असा चाकू मिळाला तर हात स्थिर राहील, असं मला वाटलं. ती तयार झाली, पण अट घालून.

"हे शेवटचं. ह्याच्यानं पण नाय लागली, तर परत कलमाचं नाव काढायचं नाय माझ्याफुडं."

मी हो म्हटलं.

देवजीचं दुकान रस्त्याकडेला, वर पत्रा, तीन बाजू उघड्या. गावची जत्रा उरकून महिना झाला होता, तेव्हा त्याला सवड होती. साठीचा माणूस, भुवया जळून विरळ झालेल्या. त्याची बायको कमळ भट्टीचा पंखा फिरवत बसली होती.

मी आराखडा उलगडला. पातं पासष्ट मिलिमीटर, न गंजणारं पोलाद, एका बाजूने धार, दुसरी बाजू सपाट, मूठ प्लास्टिकची, उघडायला पात्यात भोक. कलमी चाकूंच्या एका माहितीपत्रकावरून मी तो काळजीपूर्वक काढला होता.

देवजीने कागद लांब धरून पाहिला. "चित्र बेस हाय. मॅडम, चाकू कागूद धरणार का ही धरणार?"

"ही धरणार."

"मग हिला बोलू द्या." तो सावळीकडे वळला. "काय गो, तुझा चाकू कुठाय?"

सावळीने कनवटीचा चाकू काढून दिला. देवजीने तो उघडला, धारेवरून अंगठा आडवा फिरवला. मग भट्टीमागे गेला आणि तिथल्या आंब्याची करंगळीएवढी डहाळी तोडून आणली.

"काप. कलमाला कापतेस तशी."

तिने डाव्या हातात चाकू घेतला, डहाळी उजव्या कोपराखाली दाबली आणि एक तिरपा काप घेतला. देवजीने कापावरून नख ओढलं. डोळे मिटून पुन्हा ओढलं. मग डहाळी माझ्या हातात दिली.

"मधी खोलगा हाय. लागला?"

मला लागला नाही. नख तीनदा फिरवल्यावर, कळलं म्हणून नव्हे तर त्याने सांगितलं म्हणून, किंचित पोकळी जाणवल्यासारखी झाली. कागदाच्या जाडीएवढी असेल. पण साल आणि लाकूड यांच्यामधला जो जिवंत थर जुळावा लागतो, तोही साधारण तेवढाच असतो.

"उजव्याचा चाकू हाय हा," देवजी म्हणाला. "उजव्या हातात सपाट बाजू लाकडाला टेकते, काप सरळ जातो. डाव्यात धरला की उताराची बाजू टेकते. मंग तो आत शिरतो नि वर निघतो. चमच्यावानी." त्याने माझा आराखडा उचलला, उलटा केला आणि उन्हाकडे धरला. मागून चाकू दिसत होता, तोच, पण उजव्याचा डावा झालेला. "हा करायचा."

डावे आणि उजवे रेणू मी कॉलेजात शिकले होते. एकाची जागा दुसऱ्याला घेता येत नाही, हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. साठ कलमांमधलं सगळं मोजलं, फक्त ती कशाने कापली ते पाहिलं नाही. त्याहून वाईट म्हणजे, नवा चाकूही मी उजव्या हाताचाच काढून आणला होता.

सावळी मात्र खूश झाली नाही. "आदी चाकू करा. मंग बघू कोनाची खोट ती."

"हिला चांगली जीभ हाय," कमळ म्हणाली. "माझ्या घरात खपली असती."

"तुझ्या घरात दुसरीला जागा हाय कुठं?" देवजी म्हणाला.

मग एकेक गोष्ट ठरू लागली. पोलाद मी सांगितलेलं नाही, ट्रकच्या कमानपट्ट्याचं. "तुमचं गंजत नाय, पन त्याला धार माझ्या दगडावर लागनार नाय. हिनं पाड्यात बसून कशावर लावायची?" पात्यात भोकही नको, त्यात चीक सुकून बसेल. त्याऐवजी पात्याला मागे न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखी शेपटी, अंगठ्याने दाबली की उघडेल. मुठीला खैर की म्हशीचं शिंग? शिंग पावसात फुगत नाही, असं मी म्हटलं.

"घामानं निसटतं," सावळी म्हणाली. त्या दिवशी तिने आपणहून दिलेलं ते पहिलं मत. "लाकूडच घाला. धामणीच्या झाडाचं. हलकं असतं."

देवजीने मान हलवली. भट्टी लिंपायच्या मातीचा एक गोळा त्याने तिच्या डाव्या हातात दिला. "दाब. चाकू धरल्यावानी." तिने दाबला. चार बोटांच्या खाचा आणि अंगठ्याचा खळगा मातीत उमटला. "आता उजवा."

सावळीने पदर आणखी आवळला.

"डहाळी कशी धरशील ते कळाया पायजे गो. कोपराखाली किती दिस धरशील?"

कमळने पंखा थांबवला. मग सावळीने पदर सोडला. तो हात मी तीन महिन्यांत उघडा पाहिला नव्हता. अंगठ्याच्या जागी गुळगुळीत, गुलाबी कातडी होती. देवजीने तो हात आपल्या हातात घेतला, लोखंडाची पट्टी बघावी तसा उलटासुलटा पाहिला, पहिली दोन बोटं एकमेकांवर दाबून त्यांचा जोर बघितला.

"ह्या दोघांत धर. आणि मूठ बोटभर लांब करतो, तिचं टोक ह्या तळव्याला टेकव. दोनी हात एकमेकांना धरतील, हलनार नायत."

माझ्या आराखड्यात दुसरा हात नव्हताच.

पट्टी तापली. देवजीने ती ऐरणीवर धरली आणि कमळ उठली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी घण उचलला. देवजी लहान हातोडीने एक जागा दाखवी, घण नेमका तिथे पडे. पट्टीचं पातं होताना मी समोर बसून पाहिलं आणि तरी ते कुठल्या घावाला झालं हे मला सांगता येणार नाही. कानशीने एकच बाजू उतरवली, डाव्या हाताची. मग पातं लाल करून तेलात बुडवलं आणि घासून लख्ख केलं.

"आता बोलू नका," कमळ मला म्हणाली, जरी मी बोलत नव्हते.

देवजीने पात्याची पाठ निखाऱ्यावर धरली. लख्ख लोखंडावर पाठीकडून रंग चढू लागला: आधी फिकट, मग पेंढ्यासारखा पिवळा, त्याच्यामागे तांबूस, त्याच्यामागे जांभळा. ते रंग धारेकडे सरकत होते. पुस्तकात मी हे वाचलं होतं. लोखंडावर ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो, त्याच्या जाडीप्रमाणे उजेडाचा रंग बदलतो, पेंढ्याचा रंग म्हणजे सुमारे दोनशे तीस अंश. पण वाचलेलं आपल्याकडे असं चालत येताना मी कधी पाहिलं नव्हतं. पिवळा धारेला टेकला आणि त्याच क्षणी देवजीने पातं पाण्यात घातलं. जांभळा केसभर मागे थांबला होता.

चारच्या सुमाराला मूठ बसली. सावळीने शेपटी दाबली, पातं उघडलं. उजव्या हाताच्या दोन बोटांत डहाळी धरली, मुठीचं टोक तळव्याला टेकवलं आणि काप घेतला. दुसरी डहाळी घेतली, तिलाही काप दिला. मग तिने दोन्ही काप एकमेकांवर ठेवून हलकेच दाबले आणि खालची डहाळी सोडून दिली.

ती पडली नाही. चिकाच्या ओलीवर, न बांधता, वरच्या डहाळीला धरून लटकत राहिली.

कमळने तोंडावर हात घेतला. सावळी त्या दोन डहाळ्यांकडे बघत राहिली. "इख नवतं," ती म्हणाली, पण आमच्यापैकी कोणाला नव्हे. आणि लगेच सावरून देवजीला: "जगल्याबगर मी मानायची नाय हां."

दुसऱ्या दिवशी तिने पाट शेडमध्ये परत आणला आणि चाळीस कलमं बांधली. मी रोज सकाळी जाऊन बघे. काड्या हिरव्या होत्या, त्यापलीकडे काही नाही. ती विचारत नसे आणि मी सांगत नसे. एकोणिसाव्या दिवशी मी पहिल्या रांगेपाशी वाकले. काडीवर घातलेल्या प्लास्टिकच्या टोपीला आतून दव धरलं होतं आणि दवामागे काडीच्या टोकाला तांबडं पान फुटत होतं, नखाएवढं, ओलं, घडी पूर्ण न उलगडलेलं. पुढच्या काडीला कोंब होता. त्याच्या पुढच्या काडीलाही. दोन निरनिराळ्या झाडांनी एकमेकांचं पाणी घ्यायला सुरुवात केली होती, एका सपाट कापावर. मी मोजायला लागले आणि सव्विसावर मोजणं थांबवलं, कारण मला नीट दिसेना.

"सावळी, ये, बघ," मी हाक मारली.

ती आली, रांगेवरून एकदा नजर फिरवली, दोन टोप्यांना बोट लावून पाहिलं. परत पाटावर जाऊन बसली आणि पुढची काडी उचलली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, पातं लाकडातून कसं जातं ते बघायला.

"बाजूला व्हा ना ताई," ती मान वर न करता म्हणाली. "उजेड अडतोय माझा."