चावी साहेबांकडे आहे

परवाना कार्यालयाच्या रांगेत उभा असलेला म्हातारा पुढे सरकता सरकता धाडकन कोसळला. लोक मागे हटले आणि दुसऱ्याच क्षणी पाच-सहा मोबाइल वर झाले.

बसताई त्याच्या मागे तिसरी होती. बावीस वर्षं शाळेची बस चालवत होती, म्हणून पोरांनी तिला हे नाव दिलेलं. तिने म्हाताऱ्याला उताणं केलं, हाका मारल्या, नाकाशी गाल नेला. श्वास नव्हता.

"अँब्युलन्सला फोन लावा!" ती ओरडली आणि दोन्ही तळव्यांनी छाती दाबू लागली. शाळेने दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. बरगडी मोडली तरी थांबायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

समोरच भिंतीवर काचेच्या कपाटात हृदयाला झटका देणारं मशीन होतं. कपाटाला कुलूप.

"ते मशीन काढा!"

"चावी साहेबांकडे आहे," खिडकीतला कारकून म्हणाला. "साहेब जेवायला गेलेत."

बसताईच्या डोक्यात तिडीक गेली. शूटिंग करणाऱ्या एका धिप्पाड माणसाला तिने दरडावलं, "मोबाइल खिशात घाल आणि ये इकडे! मी दाबतेय तसं दाब. थांबलास तर बघ!"

तो गुडघ्यांवर बसून छाती दाबू लागला. तिने कोपऱ्यातलं आग विझवायचं नळकांडं उचललं.

"अहो बाई, सरकारी काच आहे ती!" कारकून ओरडला.

"मग हा मेल्यावर पुसत बस तिला!"

दुसऱ्या घावाला काच खळकन फुटली. तिने म्हाताऱ्याचा सदरा टराटरा फाडला, छातीवर मशीनच्या पट्ट्या चिकटवल्या. मशीन बोलेल तसं ती करत गेली. सगळ्यांना दूर ढकलून तिने बटण दाबलं. म्हातारा उसळला. तिने पुन्हा छाती दाबायला घेतली. दोनेक मिनिटांनी तो कण्हला आणि तिचा हात झटकू लागला.

अँब्युलन्स त्याला घेऊन गेल्यावर साहेब हात पुसत आले.

"काच कोणी फोडली?"

माणूस कसा आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

"मी."

"असं चालत नाही. लेखी खुलासा द्यावा लागेल."

"देते की." तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'काच मी फोडली, कारण चावी तुमच्या खिशात होती आणि तुम्ही जेवत होता.' खाली सही ठोकून ती म्हणाली, "आता पोच द्या. शिक्क्यासकट. त्याशिवाय हलणार नाही."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग कोणाकडेही न बघता शिक्का मारला.

पाचव्या दिवशी म्हाताऱ्याच्या मुलीचा फोन आला. "ताई, बाबा बोलायला लागले. दोन बरगड्या मोडल्यात, म्हणून तुमच्या नावाने कुरकुरताहेत."

"कुरकुरू दे," बसताई म्हणाली.

फोन ठेवून ती रिकाम्या बसमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मग मान वर करून साहेबांना तोंडभरून शिव्या घातल्या. पोरं बसमध्ये चढेपर्यंत घालत होती.