थोरलीचं माप

मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईची मापाची वही बोलतेय. माझा मळका पुठ्ठा बघून नाक मुरडू नका. अर्ध्या गल्लीच्या कमरा मला पाठ आहेत आणि त्यांतली एकही मी कुणाला सांगितलेली नाही.

माझ्या मालकिणीची एक सवय आहे. डाव्या पानावर गिऱ्हाइकाचं माप, उजव्या पानावर माप देताना ते काय बोललं ते. टेप कमरेला लागली की माणूस पोट आत घेतो आणि मनातलं बाहेर काढतो. पोस्टातला कारकून "जरा सैल ठेवा" म्हणाला, आणि बायको गेल्यापासून आपण दोघांचं जेवतो, हेही सांगून गेला. असं एकाचं दुःख, दुसरीची भीती, तिसऱ्याचं हसू जोडून मालकिणीने ती लिहीत असलेल्या कादंबरीतली माणसं उभी केली. मी नसते तर कुठली उभी राहतात!

संपादकांनी मात्र हस्तलिखित परत पाठवलं. "सगळी माणसं जिवंत आहेत. नायिकेची थोरली जाऊ तेवढी नुसती ओरडते. ती जमली तर पुस्तक काढू, नाहीतर राहू द्या."

सात वर्षांची मेहनत. मालकीण रडली, मग मला चाळू लागली. मला केव्हाच कळलं होतं. ते पात्र तिने स्वतःच्या थोरल्या जावेवरून बेतलं होतं, आणि थोरलीचं पान माझ्यात नव्हतंच. घरच्यांचे कपडे सवडीने शिवू म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली होती. भिंतीपलीकडून ऐकू येणारं ओरडणं, एवढीच तिची ओळख.

मला काखोटीला मारून मालकीण शेजारच्या खोलीत गेली.

"ताई, माप घ्यायचं होतं."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" थोरली म्हणाली, पण उभी राहिली.

"ताई, हा खांदा खाली आहे."

"असणारच. तू दिवसभर मशीनवर, मग तुझी पोर कुणाच्या कडेवर होती? खाली ठेवली की टाहो फोडायची. तू कधी मान वर करून पाहिलंस?"

मालकिणीला फार लाज वाटली. तिने माझं उजवं पान भरून लिहिलं.

महिनाभर खपून तिने ती जाऊ नव्याने लिहिली आणि आधी थोरलीला वाचून दाखवली. शेवटी दोघी जावा गळ्यात पडतात, तिथे थोरलीने हात वर केला.

"छे! ही इतक्या लवकर माफ करायची नाही. अजून दोन प्रकरणं धुसफुसू दे तिला."

"आणि तुम्ही, ताई?"

"मी धुसफुसले की अकरा वर्षं. झालं आता."

ती दोन प्रकरणं लिहून झाली आणि पुस्तक निघालं. माझी पानं भरली, आता मी कपाटात आरामात असते. लिहायला बसणाऱ्यांना माझं मागणं एकच आहे. ज्या माणसाचा राग येतो त्याच्या दाराशी आधी टेप घेऊन जा. माप घेतल्याशिवाय त्याला कागदावर उभं करू नका.