कमंडलूतला सुगंध

दुपारी चार वाजले की अतिदक्षता विभागाच्या दाराशी पन्नासेक माणसं जमायची. आत एखाद्या पेशंटच्या अंगाला मोहाच्या फुलांसारखा गोड वास सुटला, की बाहेर जयजयकार!

"देवीचा श्वास आहे हा!" सुगंधी महाराज गरजायचे. "आता सुया बंद. देवीला सुया खपत नाहीत!"

गोष्ट १९८३ची, नागपुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातली. महाराज ट्रस्टींचे गुरू, त्यांना अडवणार कोण? एकाच्या जखमेला बोटं लावायची, तीच कमंडलूत बुडवायची आणि ते तीर्थ दुसऱ्याच्या जखमेवर शिंपडायचं. कमंडलू कधी रिकामा करत नसत. तीर्थ 'अखंड' होतं ना! पेशंट वाचला तर देवी पावली, गेला तर देवीनं नेला. महाराज कधी चुकतच नसत.

मी तिथं सिस्टर होते. नंदनवन वस्तीत एका खोलीत एकटी राहायची. खोलीवर बोलायला कोणी नव्हतं, म्हणून ड्यूटी संपली तरी कुही गावच्या बायजाबाईजवळ बसायची. तिच्या नवऱ्याच्या, धोंडबाच्या पोटावरून भरली बैलगाडी गेली होती. ऑपरेशननंतर जखम भरत होती. सहाव्या दिवशी पट्टी हिरवी झाली, तोच गोड वास आला. जेंटामायसिनच्या इंजेक्शनांचा काही उपयोग होईना.

"सिस्टरबाई, देवी आली म्हन्तेत. मंग सुई काहून टोचून राहिले?"

मी लॅबमधल्या मनोहररावांकडे गेले. वेगवेगळे नमुने घालून जंतू वाढवायच्या चार काचेच्या बश्या आम्ही तयार केल्या.

दोन दिवसांनी, चार वाजता, त्या मी दाराशी टेबलावर मांडल्या. "हे कमंडलूतलं तीर्थ," म्हणत पहिलीचं झाकण काढलं. गोड वास आला, लोकांनी हात जोडले.

"पाहा, माझं तीर्थ!" महाराज म्हणाले.

मी दुसरी उघडली. वास तोच.

"हा आमचा हात पुसायचा टॉवेल, महाराज. यातही देवी?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. तिसरी बशी उकळलेल्या पाण्याची होती. ती स्वच्छ, बिनवासाची.

"हा जंतू आहे," मनोहरराव म्हणाले. "वास त्याचा, हिरवा रंगही त्याचाच. आपल्या औषधांना तो दाद देत नाही. बोटांवर बसून या खाटेवरून त्या खाटेवर जातो."

महाराज कमंडलू उचलून तरातरा निघून गेले.

"अन् हे चौथी?" बायजाबाईनं विचारलं.

रिकामी आहे म्हणता आलं असतं.

"माझ्या हाताची, मावशी." मी झाकण काढलं.

तिनं वास घेतला. तोच, गोड. "मंग माह्या मालकाले हे कोनं लावलं? त्यायनं का तुमी?"

"माहीत नाही. मीही असू शकते."

धोंडबा तिसऱ्या दिवशी गेला. बायजाबाई माझ्याकडे न पाहता कुहीला निघून गेली.

टॉवेल गेला. प्रत्येक खाटेजवळ साबण-पाणी आलं. दोन महिन्यांत हिरव्या पट्ट्या खूप कमी झाल्या. पण मी चारचौघांत दवाखान्याचं नाव घालवलं म्हणून बाकीच्या सिस्टर माझ्या टेबलावर बसेनाशा झाल्या. रिटायर होईपर्यंत मी चहा एकटीच प्यायले.

त्याचं वाईट वाटायचं, अजून वाटतं. तरी सांगते. कशालाही हात जोडण्याआधी ते कुठून आलं, ते विचारा. आणि तुमच्या माणसाजवळ कोणीही येवो, महाराज, डॉक्टर की माझ्यासारखी सिस्टर, त्याला म्हणा, आधी हात धुवा. त्याला राग येईल. येऊ द्या.