निळ्या कोटाची पाठ

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापड कापायची बरं का! दुधाच्या पिशव्या फोडणारी ती निराळी, ती स्वयंपाकघरात असते आणि आमचं फारसं बोलणं नाही. माझी पाती लांब आणि वजनदार आहेत. टेबलावरून न उचलता, नुसती पुढे सरकत मी कापत जाते. खर्र, खर्र, खर्र. तो आवाज ज्याला आवडतो, त्याने समजावं की आपण शिंपी व्हायला हरकत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझी दोन पाती वेगवेगळी घडली, वेगवेगळी तापली. मग एका म्हाताऱ्या कारागिराने ती एका खिळ्यावर जोडली आणि पातळ रेशमाचा तुकडा माझ्या टोकात धरून कापून पाहिला. "जमली," एवढंच तो म्हणाला. तेवढ्यावर मी कितीतरी दिवस खूश होते.

तिथून मी दोघी बहिणींच्या दुकानात आले. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. खिडकीखाली कापायचं मोठं टेबल, कोपऱ्यात शिलाई मशीन, भिंतीवर उभा आरसा आणि आत राहायची जागा. आईवडील लवकर गेले तेव्हा थोरलीने हे दुकान मांडलं. धाकटीला तिनेच सुई धरायला शिकवली, तिनेच मशीनवर बसवली. पुढे थोरली कापायची आणि धाकटी शिवायची, अशी वाटणी पडून गेली. मी अर्थातच थोरलीची. मला कागदाला लावायचं नाही, कागदाने धार जाते, हा तिचा कडक नियम होता. एकदा कुणा पाहुण्याने मला उचलून नखं कापायला घेतली, तर चहा न देताच तिने त्याला वाटेला लावलं.

गिऱ्हाइकं म्हणत, "ताई, तुमच्या कात्रीला डोळे आहेत." धारवाला मला चाकावर धरायचा तेव्हा म्हणायचा, "बाई, असं पोलाद आता मिळत नाही." मी फुशारून जायची. थोरलीही जायची. कौतुक तिला फार लागायचं. पण मित्रांनो, स्वतःचं कौतुक ऐकून फुलणं सोपं असतं. दुसऱ्याचं ऐकताना काय होतं, ते मला पुढे कळलं.

एका दुपारी नेहमी पडदे शिवून घेणाऱ्या एक गिऱ्हाईक बाई स्वतःचा झगा अंगावर मापून घेत होत्या. थोरली गुडघ्यांवर बसून खालची कड टाचत होती. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तेवढ्यात धाकटी चप्पल न काढताच आत आली.

"ताई! मला घेतलं! शिवणशाळेत शिक्षिका म्हणून घेतलं!"

"हूं," थोरली म्हणाली.

"अय्या, अभिनंदन!" बाई म्हणाल्या. "पण काय हो, हिला शिकवलंत तुम्हीच ना? मग तुम्हाला नाही का विचारलं?"

थोरलीने तोंडाकडे बोट दाखवलं, म्हणजे टाचण्या आहेत, बोलता येत नाही. कड टाचून झाली होती. ओठांत एकच टाचणी उरली होती. ती तिने बाई जाईपर्यंत तशीच धरून ठेवली.

त्या दिवसापासून आतल्या खोलीत जेवताना जे बोलणं चाले, ते मला टेबलावर ऐकू येई. धाकटी म्हणायची, तिथे मोठी हवेशीर खोली आहे. थोरली म्हणायची, "रोज दोन बस बदलाव्या लागतील, झेपेल का तुला?" धाकटी म्हणायची, मुली हौसेने शिकायला येतात. थोरली म्हणायची, "हौस महिनाभर टिकते गं." एकही शब्द वाईट नव्हता. सगळी काळजीच होती. पण रोज थोडं थोडं करून धाकटीने शाळेचं नाव काढणंच सोडलं. मग थोरलीला स्वतःचीच लाज वाटायची आणि ती सकाळी दुकानात येऊन उगाच टेबल पुसत बसायची. दुसऱ्या कुणाची नोकरी असती, तर तिच्या पोटात दुखलं नसतं. आपण हात धरून शिकवलेली पोर आपल्या पुढे गेली, हे तिला गिळवत नव्हतं.

एके दिवशी धाकटीने गर्द निळ्या मखमलीचं कापड आणून टेबलावर ठेवलं.

"कोट शिवायचाय. शाळेच्या पहिल्या दिवशी घालायला. कटिंग तूच कर हं ताई. तुझ्या हातचं अंगावर असलं ना, की मला कुणाची भीती वाटत नाही."

आता मखमलीचं एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर मऊ लागतं, उलटा फिरवला तर अडतो. कोटाचे सगळे भाग एकाच दिशेची लव धरून कापावे लागतात. एखादा भाग उलटा कापला गेला, तर उजेडात तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. म्हणून शिंपी कापडाच्या मागच्या बाजूला खडूने बाण काढतो. थोरलीनेही बाण काढले होते. पुढचे दोन्ही भाग आणि बाह्या कापून झाल्या. शेवटी पाठ राहिली.

तिने पाठीचा कागदी नमुना कापडावर ठेवला. तो उलटा पडला होता. बाण एकीकडे आणि नमुन्याचा गळा दुसरीकडे. कापड नेमकंच होतं, आणि असा ठेवला तर थोडं वाचत होतं, हेही खरं. मी तिच्या मुठीत होते. तिचा हात थांबला. तिने बाणाकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं. "कापड तरी वाचेल," असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि तिने मला पुढे ढकललं.

खर्र, खर्र, खर्र. एरवी मला तो आवाज किती आवडतो! त्या दिवशी मला वाटलं, माझा खिळा निखळून पडावा, पाती गंजून एकमेकींत अडकावीत. पण कात्रीला नाही म्हणता येत नाही. माझी धार नेहमीसारखीच चालली.

धाकटीने कोट शिवला. शिवताना तिचा हात पाठीवरून फिरला आणि मशीन क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. कोट तयार झाल्यावर तो घालून ती आरशासमोर उभी राहिली, मग दाराच्या उजेडात गेली. पुढून कोट काळसर निळा, भारदस्त. पाठ मात्र फिकट, धुऊन विटल्यासारखी.

थोरली वाट पाहत होती की आता ही ओरडेल, आता भांडेल. धाकटी ओरडली नाही. तिने कोट काढून खुंटीला लावला. तिचे डोळे भरून आले होते.

"ताई, मी शाळेत नाही म्हणून सांगून येते."

"का?"

"तू दिवसभर बारीक काम करतेस. डोळ्यांना ताण पडतोय तुझ्या, आणि तू मला बोलली नाहीस. मी आपली नोकरीच्या नादात! तुला बाणसुद्धा दिसला नाही, ताई. अशात तुला एकटीला टाकून मी जाऊ कशी?"

मित्रांनो, थोरलीला हवं होतं ते तिच्या पदरात पडलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. आणि ती राहिलीही. धाकटीने तोंड धुतलं, केस विंचरले, पिशवी घेतली. थोरली टेबलाला धरून उभी होती. धाकटी दारात चप्पल घालायला वाकली तेव्हा थोरलीने ड्रॉवर ओढला. सगळ्यात बारीक सुई काढली, रेशमाचा धागा घेतला आणि धाकटीच्या डोळ्यांसमोर धरून पहिल्याच फटक्यात ओवला.

"बघ. डोळ्यांना काही झालेलं नाही माझ्या."

धाकटी सुईकडे बघत राहिली.

"बाण दिसला होता मला," थोरली म्हणाली. "बघून कापलं."

"म्हणजे मुद्दाम?"

"हो."

"कापड पुरत नव्हतं का?"

"पुरत होतं." थोरलीने सुई खाली ठेवली. "तुला घेतलं, मला कुणी विचारलंही नाही. ते मला सहन झालं नाही. नोकरी सोडू नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको. मी त्या लायकीची नाही."

धाकटीने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं, सगळ्यांत जास्त आनंद तुला होईल."

"मलाही तसंच वाटलं होतं गं," थोरली म्हणाली.

धाकटीने चप्पल काढली आणि ती आत निघून गेली. तिने नाही म्हणायचं रद्द केलं. पहिल्या दिवशी ती आपला जुना करडा कोट घालून शाळेत गेली. जाताना "येते" म्हणाली, पण ते दाराला म्हणाली की बहिणीला, ते कळलं नाही.

मला तर त्या बोलण्याच्या रात्रीच, शाळा सुरू व्हायच्या कितीतरी दिवस आधी, ड्रॉवरमध्ये टाकलं गेलं होतं. थोरलीला माझ्याकडे बघवत नव्हतं. गिऱ्हाइकांना ती सांगायची, सध्या काम घेत नाही. अंधारात पडल्या पडल्या माझ्या कडांना गंजाचे ठिपके आले. कोटाच्या पाठीवरून हात फिरवत ती उभी राहायची, ते फटीतून दिसायचं. उलटा हात अडायचा. तरी ती पुन्हा फिरवायची.

शाळेच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी धाकटी परत आली. एरवी ती दारातूनच बोलायला सुरुवात करायची. त्या दिवशी तिने पिशवी ठेवली आणि खुर्चीवर बसली.

"कसं झालं?" थोरलीने विचारलं.

"बरं झालं."

थोरली तिथेच थांबली असती, तर कुणी तिला नावं ठेवली नसती. पण ती स्टूल ओढून समोर बसली.

"बरं म्हणजे काय? कापायचं टेबल कुठे आहे? उजेड डावीकडून येतो का?"

"डावीकडूनच येतो."

"मग? पहिल्यांदा काय शिकवलंस?"

"कुठे काय! नुसत्या ओळखी झाल्या. एक मुलगी डावखुरी आहे, तिला कात्री जमत नव्हती. मी तिला हात कसा वळवायचा ते दाखवलं."

"जमलं तिला?"

"जमलं!" धाकटीच्या तोंडून पटकन निघालं. "अगं, इतकी हसली ती! आणि मग मागच्या बाकावरची म्हणाली..."

धाकटी सांगत गेली. थोरली विचारत गेली. तिला आत टोचत नव्हतं असं नाही. त्या हवेशीर खोलीचं वर्णन आलं तेव्हा तिची नजर आपल्या लहानशा टेबलाकडे गेलीच. तिने ती परत बहिणीकडे वळवली आणि विचारलं, "मग काय झालं?" क्षमा वगैरे काही झाली नव्हती. पण जेवण होईपर्यंत धाकटी बोलत होती, आणि भात वाढताना ती पूर्वीसारखी "ताई ऐक ना" म्हणाली. थोरलीने पदराने डोळे पुसले आणि ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला बाहेर काढलं, तेल घातलं, गंज घासून काढला. आता मी पुन्हा टेबलावर असते.

म्हणून मित्रांनो, तुमचं एक जुनं पोलादी माणूस म्हणून सांगते. कुणी चांगली बातमी घेऊन तुमच्याकडे धावत आलं, तर हातातलं काम ठेवा आणि पुढे काय झालं ते विचारा. पोटात दुखलं तर दुखू द्या, ते कुणाला चुकलेलं नाही. त्या दुखण्याच्या हातात कात्री तेवढी देऊ नका.