गालावरचा नवा डाग

पोरीच्या मामाने तिच्या बापाचं डोकं दवाखान्याच्या दारावर आपटलं, तेव्हा डॉक्टरीणबाई आत हात धूत होत्या. दुसऱ्यांदा आपटलं तशी दाराची काच फुटली. त्या धावत बाहेर आल्या, तर बाप फरशीवर पडलेला आणि मामा त्याच्या बोटांवर बूट रोवून उभा. तीन आठवडे पोरगी मामाच्या घरी होती. बापाला तिथे उंबरा चढायची बंदी होती. आज तिला इथे आणणार हे कळलं म्हणून लांबून बघायला आला बिचारा, आणि आयता सापडला.

"पुन्हा चटका दिलाय ह्याने," मामा म्हणाला. "नवा डाग उठलाय. चोरून येत असणार."

त्याने टाच फिरवली. बोटं मोडल्याचा आवाज बाकावरच्या सगळ्यांनी ऐकला. माना वर झाल्या, उठलं मात्र कुणी नाही.

मामाच्या मुठीत ह्याच दवाखान्याचा मागच्या महिन्याचा कागद होता; त्यावरूनच त्याने पोरीला आपल्या घरी नेलं होतं. त्यावर बाईंचंच अक्षर: गालावर भाजल्याची खूण, सिगारेट? त्या दिवशी रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती आणि बाईंनी त्या गालाकडे धड पाहिलंही नव्हतं. पुढचं प्रश्नचिन्ह मामाने कशाला वाचावं? बाप तीन आठवडे पोरीच्या जवळपासही नाही, मग हा डाग दिला कुणी?

मामाच्या मागे उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या पोरीला त्यांनी खिडकीशी नेलं, तपासायची काचपट्टी घेतली आणि गालावर घट्ट दाबली. काचेखालची लाली ओसरली, पण पिवळट तपकिरी ठिपके जिथल्या तिथे राहिले. मानेतल्या गाठीही हाताला लागल्या.

"पाय काढ," त्या मामाला म्हणाल्या. "हा चटका नाही. कातडीचा टीबी दिसतोय. तुकडा काढून खात्री करू, औषधाने बरी होईल ती. सिगारेट मी लिहिली होती. चूक माझी."

मामाने कागद चुरगळून फेकला. मग त्याने बाईंच्या कानाखाली जाळ काढला. ओठ फुटला, आणि आपण फार स्वस्तात सुटलो असं बाईंना वाटलं.

बाप कसाबसा उठून बसला. नाकातलं रक्त बाहीला पुसून त्याने धड राहिलेला हात लेकीपुढे केला.

"नको, बाबा भाजतील," असं म्हणत ती मागे सरली. तीन आठवडे तिला हेच सांगितलं होतं. तिने मामाचा रक्ताने माखलेला हात घट्ट धरला.